गाण्याचे चित्र कसे काढतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण बाहेरून आलेल्या पाहुणीने करावे, असा आपला आजवरचा रिवाज. नागपूर-चंद्रपूरहून कोणी विदुषी यावी, आपण तिला शाल-श्रीफळ द्यावे, आणि तिने आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. यंदा कार्यकारिणीने तो रिवाज मोडला आणि घरच्याच बाईला उभे केले. चिटणीसबाईंनी निरोप धाडला तोही मोठा खमंग होता. "काकू, दोन वर्षे नागपूरच्या खेपा घालून तुम्ही काय शिकलात ते एकदा मंडळाला कळू द्या. लोक आम्हाला विचारतात." तेव्हा मी आज पाहुणी म्हणून नव्हे, हिशेब द्यायला उभी आहे असे समजा.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, हे येथे जवळजवळ सर्वांनाच ठाऊक आहे. निम्म्या जणी माझ्या हातची छडी खाल्लेल्याच आहेत. निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रा करतात, लोणची घालतात, नातवंडे सांभाळतात. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात माध्यमविद्येच्या वर्गात नाव घातले. ब्रह्मपुरीहून सकाळची गाडी, नागभीड, भिवापूर, उमरेड करीत तीनेक तासांनी नागपूर, आणि रात्री पुन्हा तोच रस्ता उलटा. वर्गातील मुले माझ्या नातवंडांच्या वयाची. पहिल्या दिवशी त्यांना वाटले, मी कोणाची तरी आई आहे आणि फी भरायला आले आहे. दुसऱ्या दिवशी मला शिक्षिका समजून सगळी उठून उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून मी सर्वांची काकू झाले आणि माझा डबा पहिल्या तासालाच रिकामा होऊ लागला.

या वयात हे खूळ कशाला, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे एक कारण मी पुढे सांगणार आहे. ते या मंडळाशीच निगडित आहे आणि माझ्या दृष्टीने फारसे अभिमानाचे नाही. आधी विद्येविषयी बोलू.

आमच्या अभ्यासात एक भाग होता म्युझिक व्हिडिओचा. म्हणजे काय, तर तीन-चार मिनिटांचे एक गाणे घ्यायचे आणि त्याचे चित्र करायचे. तुमच्या घरातली पोरे मोबाईलवर दिवसभर जे पाहतात तेच. प्राध्यापकांनी पहिल्या तासाला फळ्यावर तारीख लिहिली, १ ऑगस्ट १९८१. त्या दिवशी अमेरिकेत एमटीव्ही नावाची दूरदर्शन वाहिनी सुरू झाली, दिवसरात्र फक्त गाण्यांची चित्रे दाखविणारी. आणि तेथून या प्रकाराला बहर आला. मुले लिहून घेऊ लागली. मला मात्र स्वस्थ बसवेना. मी हात वर केला. म्हटले, सर, आमच्याकडे मुंबई दूरदर्शनवर 'छायागीत' लागे, दिल्लीहून 'चित्रहार' येई; चित्रपटातली नुसती गाणी काढून एकामागून एक दाखवीत, आणि गल्लीत ज्या घरी संच असेल त्या घरी वीस चपला दारात पडत. मग ते काय होते? आणि त्याही आधी जी गाणी चित्रपटांत घातली, ती कोणी, कशी घातली? प्राध्यापक सज्जन होते. ते हसले आणि म्हणाले, "काकू, पुढच्या आठवड्याचा तास तुम्ही घ्या." छडी पुन्हा माझ्याच हाती आली म्हणायची.

त्या तासाच्या निमित्ताने मी जे वाचले ते थोडक्यात सांगते, कारण ते बायकांनी ऐकावे असे आहे. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा'. तो १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने काढला. त्यात तारामतीचे काम दुर्गाबाई खोटे यांनी केले आणि गाणीही स्वतःच म्हटली. त्या काळी गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे अभिनय करी आणि त्याच वेळी गाई. वाजविणारी मंडळी चित्रात येऊ नयेत म्हणून झाडाझुडपांच्या, पडद्यांच्या आड बसत. तबला पेटी पाहिजे, पण दिसता कामा नये. गाणारा हलला की त्याच्याबरोबर लपतछपत वाजविणाऱ्यांनीही सरकायचे! पुढे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' हा बंगाली व 'धूपछाँव' हा हिंदी चित्रपट काढला, आणि तेथून पार्श्वगायन रूढ झाले. गाणे आधी मुद्रित करायचे, मग ते वाजवीत नटाने नुसते ओठ हलवायचे. म्हणजे गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा. आज जगभर गाण्याची चित्रे याच युक्तीवर चालतात.

आणखी एक बाई मला त्या वाचनात भेटली. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला, हे आपण शाळेत शिकवतो. त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या, उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या तरुणाने केले, हेही गमतीने सांगतो. पण फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याविषयी मी तीस वर्षांत वर्गात एक अक्षर सांगितले नव्हते, कारण मला ते माहीतच नव्हते. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत, आणि ते काम त्या बाईने शिकून घेतले. फिल्म धुणे, जोडणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडणे, शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सर्व तिचेच. भांडवलासाठी दागिनेही तिनेच काढून दिले. भगिनींनो, आपल्यापैकी कोणालाही यातले स्वयंपाकाचे आणि दागिन्यांचे नवल वाटणार नाही. मला नवल वाटले ते भोकांचे. सबंध चित्रपट ज्या भोकांवर यंत्रातून पुढे सरकतो, ती पाडणारी बाई नाशिककडची एक गृहिणी होती.

असो. आता या विद्येतल्या दोन-तीन क्लृप्त्या सांगते, म्हणजे उद्यापासून तुम्ही घरच्या मोबाईलकडे जरा निराळ्या नजरेने पाहाल.

सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. गाण्याचा ठेका मिनिटाला ९६ मात्रांचा असेल, तर एका मात्रेला बरोबर १५ फ्रेम पडतात. म्हणून संकलक पंधराच्या, तिसाच्या, साठाच्या हिशेबाने तुकडे कापतो आणि ठेक्यावर चित्र बदलते. आपल्याला वाटते, काय जोरकस गाणे आहे! त्यातला निम्मा जोर कात्रीचा असतो. माझे गणित पहिल्यापासून कच्चे, पण हे पाढे मात्र मी आवडीने पाठ केले.

दुसरी क्लृप्ती तर जादूच आहे. नायिकेचे केस, पदर संथपणे तरंगताना दिसतात, पण तिचे ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळलेले असतात. हे कसे? तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवितात. ती बिचारी त्या चिरक्या, धावत्या गाण्यावर भराभर ओठ हलवते. कॅमेरा सेकंदाला चोविसाऐवजी अठ्ठेचाळीस फ्रेम टिपतो. मग ते नेहमीच्या वेगाने दाखविले की हालचाल निम्म्या वेगाची होते आणि ओठ मूळ गाण्याला जुळतात. वर्गातल्या मुलांनी हे माझ्यावरच करून दाखविले. माझी पांढरी वेणी संथपणे हवेत उडताना पाहून आमचे यजमान तीन दिवस हसत होते.

तिसरी गोष्ट क्लृप्ती नव्हे, सवय आहे, आणि ती मला खटकली. गाण्याच्या चित्रात कोठे पाहायचे ते कॅमेरा ठरवितो. आधी दुरून सबंध जागा, मग जवळून चेहरा, मग अधिक जवळून डोळे, ओठ, कंबर, पाय. बाई सबंध कधी दिसतच नाही, तिचे तुकडे दिसतात. आम्हाला चाळीस गाणी पाहून तक्ता करायला दिला होता: किती वेळा चेहरा, किती वेळा अंग, बाई काही काम करताना दिसते का. त्या चाळीस गाण्यांत हाताने काम करणारी बाई मला दोनच ठिकाणी सापडली, आणि त्यातल्या एकीच्या डोक्यावरची घागर रिकामी होती. घागर रिकामी आहे हे मानेवरून कळते. आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाने एक गाण्याचे चित्र करून द्यायचे होते. मुलांनी फुटाळा तलाव, जुनी गिरणी, मोटारसायकली असे विषय घेतले. मी म्हटले, आपण रोवणीचे गाणे घ्यायचे. आपल्या झाडीपट्टीत धानाची बांधी, आषाढाचा पाऊस आणि ओळीने वाकलेल्या बायकांचे गाणे, याहून दुसरे गाण्याचे चित्र कोणते? सिंदेवाहीच्या बाजूला माझ्या एका विद्यार्थिनीचे माहेर आहे. तेथे चौदा बायकांचा गट रोवणीला जातो. त्यांची मजुरी बुडू नये म्हणून ठरले ते असे, की काम त्यांचे चालू राहील, मी मध्ये यायचे नाही.

पण विद्या डोक्यात नवी असली की माणूस मध्ये आल्यावाचून राहत नाही. मी आदल्या दिवशी त्यांचे गाणे एका घरी बसवून नीट मुद्रित करून घेतले होते. दुसऱ्या दिवशी बांधीवर छोटा ध्वनिक्षेपक लावला आणि सांगितले, गाणे यातून वाजेल, तुम्ही रोवत रोवत नुसते ओठ हलवा. बाकी सर्वांनी शांत राहा. दुर्गाबाईंनंतर नव्वद वर्षांनी मी हे शास्त्र सिंदेवाहीच्या चिखलात घेऊन गेले होते.

पहिल्या पाच मिनिटांतच सगळे बिघडले. हात गाण्याला जुळेनात. मला वाटले, कॅमेऱ्याला लाजतात. तसे नव्हते. मऊ चिखलात हात भरभर पडतो, कडक ढेकूळ आले, मुळी लागली की अडतो. आणि हात अडला की गाणेही तेथे थोडे थांबते, ओढले जाते. पऱ्ह्यांची पेंढी संपली की नवी हाती येईपर्यंत एकच ओळ पुन्हा फिरते. त्यांचे गाणे चिखलावर चालते. माझे मुद्रित गाणे घड्याळावर चालत होते. मी पुन्हापुन्हा "थांबा, पहिल्यापासून" म्हणू लागले. शेवटी सर्वांत वयस्क बाई कंबर सरळ करून उभी राहिली. ती म्हणाली, "बाई, तुमी आमाले चूप राहाले सांगता. आमी इथं चूप राहून रोवत नाई. जंगल लागून आहे."

मी मागे वळून पाहिले. बांधीच्या धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर झाडी सुरू होत होती. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात वाघ आणि माणूस किती जवळ राहतात ते आपल्याला मी सांगायला नको. तेंदू, मोहाच्या दिवसांत कोणत्या ना कोणत्या गावाहून वाईट बातमी येतेच. वाकलेली बाई दुरून माणसासारखी दिसत नाही. म्हणून त्या बायका गातात, मोठ्याने बोलतात, एकमेकींना हाका मारतात. रानातल्या जनावराला कळावे की येथे माणसे आहेत. श्रम हलके होतात म्हणून बायका गातात, असे मी तीस वर्षे लोकगीतांच्या धड्याखाली मुलांना लिहून दिले होते. ते खोटे नाही. पण चौदा बायकांना रानाच्या कडेला अर्धा तास मुक्याने वाकवून ठेवणारी मी पहिलीच असेन. मला तेथल्या तेथे घाम फुटला. ध्वनिक्षेपक बंद केला, गाणे पुन्हा सुरू झाले, आणि त्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दुपारी पायातल्या वहाणा धुऱ्यावर ठेवून ओळीत उतरले आणि जेमतेम पाऊण तास रोवले. कंबर आठ दिवस दुखली.

पाऊण तासात एक गोष्ट मात्र कळली, जी धुऱ्यावर उभे राहून कळली नसती. रोवणारी बाई मागे मागे सरकते. पेरलेल्या रोपावर पाय पडू नये म्हणून सबंध ओळ पाठमोरी सरकत धुऱ्याकडे येते. आता कॅमेरा समोर ठेवला तर चेहरे दिसतात, पण ते क्षणाक्षणाला लांब जातात. मागच्या धुऱ्यावर ठेवला तर चेहरे दिसत नाहीत, नुसत्या पाठी, पाठीवरचे प्लास्टिकचे कागद आणि चिखलाचे पाय. पण ते हळूहळू जवळ येतात, मोठे होतात, चित्र भरून टाकतात. आणि ओळ धुऱ्याला टेकली की चौदाही जणी कंबर सरळ करतात आणि वळतात. त्या वळण्याला कोणी सांगावे लागत नाही. तेथे चहाची किटली असते.

चौथ्या दिवशी मी कॅमेरा मागच्या धुऱ्यावर ठेवला आणि हात लावला नाही. गाणे तेथल्या तेथे मुद्रित केले, पावसाच्या आवाजासकट. मध्ये चारच ठिकाणी कापले आहे, तेही गाणे जेथे आपणहून अडते तेथे. त्यांच्यातली एक मला म्हणाली होती, "मंडईच्या नाटकात बाई समोर येऊन गाते. तुमच्या शिनेमात आमची पाठच दिसन का?" मी म्हटले, शेवटपर्यंत बघ. खरे सांगते, मला स्वतःलाही तेव्हा खात्री नव्हती.

महाविद्यालयात हे चित्र दाखविले तेव्हा मते फुटली. एका परीक्षकांनी विचारले, चेहरा पहिल्या दहा सेकंदांत यायला हवा, तो तीन मिनिटांनी येतो. तोवर प्रेक्षक थांबेल का? प्रश्न वाजवी आहे. मोबाईलवर बोट फिरविणारा थांबणार नाही, हे मलाही दिसते. त्यांनी मला शंभरांत बासष्ट गुण दिले. मी स्वतः पेपर तपासले असते तर सत्तर दिले असते. पण मी माझ्या विद्यार्थ्यांनाही नेहमी कमीच देत असे, तेव्हा तक्रार नाही.

नावांचा प्रकार मात्र सांगितला पाहिजे. चित्राच्या शेवटी ज्यांनी काम केले त्यांची नावे येतात. मी चौदा जणींना नावे विचारायला बसले. कोणी नवऱ्याचे नाव सांगितले, कोणी "अमक्याची माय" म्हटले. एकीला स्वतःचे नाव सांगताना इतके हसू आले की तिला दोनदा थांबावे लागले. दोघींनी सांगितले, नाव घाला पण चेहरा नको. त्यांचे कारण मी विचारले नाही आणि वळण्याच्या क्षणाला त्या कडेला राहतील असे पाहिले. मुले म्हणाली, काकू, नावे बावीस सेकंद चालतात, कोणी वाचत नाही, कापा. मी कापली नाहीत. आपल्याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निरखून निरखून धानाचे एक वाण काढले. त्या काळच्या मनगटी घड्याळावरून त्याचे नाव एचएमटी पडले. तो तांदूळ कोठल्या कोठे गेला, आपल्या सर्वांच्या डब्यात आला, आणि दादाजी २०१८ साली गरिबीतच वारले. एचएमटी हे नाव दुकानदाराला पाठ आहे, दादाजींचे किती जणांना आहे? बावीस सेकंद मला फार वाटले नाहीत.

आता ते कारण, जे मी मघाशी मागे ठेवले.

आठ वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या शिक्षण-साहाय्य निधीकडे एका मुलीचा अर्ज आला होता. तिला चित्रपटाचे छायालेखन शिकायचे होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी तिला मदत पाहिजे होती. ही संस्था १९६० पासून प्रभातच्याच जुन्या आवारात आहे. त्या वेळी निधीच्या समितीत आम्ही पाच जणी होतो. पाचही जणी दर हिवाळ्यात वडशाच्या कंपन्यांची नाटके पहिल्या रांगेत बसून पहाटेपर्यंत पाहणाऱ्या. पण आम्ही एकमताने म्हटले की नाटक-सिनेमाच्या शिक्षणाला मंडळाचा पैसा देणे योग्य नाही. मुलगी बहकेल, लग्न जमणार नाही, आणि बोल मंडळाला लागेल. डी.एड. करायचे असेल तर अवश्य देऊ, असे आम्ही तिला कळविले. ते पत्र माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगले म्हणून मलाच लिहायला सांगितले होते. पत्र फार गोड भाषेत आहे.

पुढे मी सुमित्रा भावे यांच्याविषयी वाचले. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नाही. वस्तीतल्या बायकांचा अभ्यास केला, तो त्या बायकांपर्यंतच पोचावा म्हणून चाळिशी उलटल्यावर १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला, आणि त्यानंतर २०२१ साली जाईपर्यंत त्यांनी चित्रपट करणे सोडले नाही. मग नागराज मंजुळे. 'सैराट' येथे सर्वांनी पाहिला, 'झिंगाट'वर आपल्याही हळदीकुंकवात पाय हलले. पण 'सैराट'च्या कितीतरी आधी ते अहमदनगरच्या महाविद्यालयात माध्यमाचे विद्यार्थी होते आणि तेथे केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि अगदी घराजवळचे उदाहरण, २०२२ साली तृशांत इंगळे यांनी आपल्या झाडीपट्टी रंगभूमीवरच 'झॉलिवूड' हा चित्रपट केला. पुढच्याच वर्षी याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हे सर्व वाचताना मला दर वेळी ते पत्र आठवे. आपण जिला नको म्हटले, ती काय शिकणार होती हे तरी आपल्याला ठाऊक होते का? मला नव्हते. म्हणून मी शिकायला गेले. एवढेच ते कारण.

ती मुलगी आता संसारात आहे, वडशाच्या बाजूला. गेल्या वर्षी मी तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, मुलाची पाटी दाखविली, माझ्या कंबरेची चौकशी केली. पत्राचा विषय मी काढला तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, किती जुनी गोष्ट." आणि आत जाऊन पोह्यांची ताटली घेऊन आली. पुढे मी काही बोलू शकले नाही. रोवणीच्या त्या चार दिवसांत कॅमेऱ्यावर छत्री धरून जी मुलगी उभी होती आणि चौथ्या दिवशी "मावशी, मागच्या धुऱ्यावर ठेवून बघू" असे जिने सुचविले, ती तिची धाकटी बहीण. बासष्टांतले निदान वीस गुण तिचे आहेत.

यंदा तिचा अर्ज निधीकडे आला आहे. मी समितीत नाही आणि समितीच्या कामात ढवळाढवळ करणार नाही. मला एवढेच सांगायचे आहे की आठ वर्षांपूर्वीच्या ठरावाची नोंद इतिवृत्तात आहे, आणि त्याचा आधार कोणी घेणार असेल, तर त्या पाचांपैकी एकीला आज तो ठराव चुकीचा वाटतो, हेही इतिवृत्तात लिहून घ्यावे. चिटणीसबाई लिहीत आहेत, ते मला दिसते आहे.

आता दुपारच्या कार्यक्रमाविषयी. चित्र आज येथेच दाखवायचे आहे. त्या चौदाही जणी येणार आहेत. धानाचे चुरणे आटोपले आहे, म्हणून सवड मिळाली. पण अंधार पडण्यापूर्वी त्यांना गावी परत पोचले पाहिजे, रस्ता रानातून जातो. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी नव्हे, तीन वाजता ठेवला आहे. तीनच्या उन्हात पडद्यावर काही दिसणार नाही, तेव्हा प्रत्येकीने जेवायला घरी गेल्यावर येताना एक जाड चादर किंवा घोंगडी आणावी. सभागृहाला आठ खिडक्या आहेत आणि वरचे दोन झरोके. झरोक्यांना शिडी लागेल. ती शेजारच्या मंडपवाल्याकडे सांगून ठेवली आहे. पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात, त्या त्यांच्या आहेत.